‘मी वेडी नाही’ म्हणणाऱ्या पत्नीला मानसिक आधार कसा मिळवून द्यायचा?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: पत्नी ४७ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. २०१९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग किमो, शेक (रेडिएशन) आणि त्यानंतर रोजची टॅमॉक्सिफेनची (हार्मोनचा परिणाम अडवणारी) गोळी. सगळं सुरळीत चाललं होतं. यंदा पाठदुखीचं निमित्त झालं आणि पेट स्कॅनमध्ये मणक्यात व खुब्याच्या हाडात आजार परत आलेला दिसला. मागच्या वेळी तिनेच आम्हा सगळ्यांना धीर दिला होता. आता बोलत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, शाळेत जाणं सोडलंय. समुपदेशकाचं नाव काढलं की ‘मी वेडी नाही’ म्हणते. आजार परत आलाय एवढं तिला माहीत आहे, किती पसरलाय ते आम्ही सांगितलेलं नाही. सांगावं का? तिला कुणाकडे न्यावं आणि कसं न्यावं? मुलगा बारावीला आहे.

उत्तर:

तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते. त्यांची पाठ सध्या किती दुखते, आणि त्यावरचं औषध पुरतंय का?

कॅन्सर रुग्णालयात मानसिक आधारासाठी असलेल्या आमच्या खोलीकडे ‘पेशंट बोलत नाही, डिप्रेशन वाटतं’ अशी चिठ्ठी घेऊन जी माणसं येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं पहिलं दुखणं शरीरातच सापडतं. हाडातली वेदना रात्री आडवं झाल्यावर जास्त छळते. रात्रभर कूस बदलता येत नसेल तर सकाळी माणूस कुणाशी काय बोलणार? हाडांत आजार असला की कधी कधी रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग माणूस मरगळतो, गोंधळल्यासारखा वागतो, तहान फार लागते, पोट साफ होत नाही. हिमोग्लोबिन उतरलं किंवा थायरॉइड मंदावलं तरी साधारण तसंच चित्र दिसतं. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू असेल तर झोप उडते, चिडचिड होते. डॉक्टरांना विचारून ती गोळी सकाळच्या वेळेला हलवली तरी काहींना फरक पडतो. पाळी थांबवणारी इंजेक्शनं सुरू झाली असतील तर अंगातून वाफा, घामाने येणारी जाग, उगाच भरून येणारं रडू, हे सगळं त्याचंही असू शकतं. तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कॅल्शियम, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघितलंय का, आणि वेदनेवर आणखी काय करता येईल?

मणक्यात आजार आहे म्हणून एक गोष्ट विषयाबाहेरची असली तरी सांगायलाच हवी. पायात अचानक अशक्तपणा, बधिरपणा, लघवी अडणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यातलं काहीही झालं तर उद्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा.

वेदनेसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना भेटा म्हटलं की घरचे दचकतात. ‘म्हणजे आता हात टेकले का?’ असा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अगदी सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली, आणि त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ) ११.६ महिने निघालं. जोड न मिळालेल्यांचं ८.९. म्हणजे उपचार चालू असतानाच घ्यायची ही सोबत आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं असं केंद्र १९९७ पासून चालतं आणि ते पैसे घेत नाहीत. तुमच्या रुग्णालयात हा विभाग असेल तर तिथूनच सुरुवात करा. वेदनेच्या निमित्ताने मनाचीही विचारपूस तिथे आपसूक होते.

आता मनाकडे येते. पहिल्या वेळी सगळ्यांना धीर देणारी बाई दुसऱ्या वेळी गप्प झाली की घर गडबडतं, कारण घर अजून त्या पहिल्या वेळच्या बाईलाच शोधत असतं. ‘तू तर वाघीण आहेस, एकदा हरवलंस ना, परत हरवशील’ हे वाक्य त्यांना आतापर्यंत किती जणांनी ऐकवलं असेल याची कल्पना करा. ते ऐकून धीर येत नाही. आपण घाबरलोय हे बोलायची सोय मात्र जाते.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी पहिली बरीच मिनिटं फक्त फाईल लावली. जुने रिपोर्ट एका पिशवीत, नवे दुसऱ्या. किमोच्या प्रत्येक डोसची तारीख कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली, शेवटच्या तारखेखाली दोन रेघा. मग म्हणाल्या, ‘मॅडम, शेवटचा शेक झाला तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. तुळजापूरला जाऊन नवस फेडून आलो. आता त्याच लोकांना काय सांगू?’ आजाराची भीती त्यांनी पुढच्या भेटीत काढली. पहिल्या भेटीत त्या लाजेबद्दल बोलल्या. आपण सगळ्यांना फसवलं, देवालाही, असं त्यांना वाटत होतं.

ही लाज पहिल्या वेळी नसते. दुसऱ्या वेळी आणखी दोन गोष्टी नव्याने येतात. एक म्हणजे हिशोब. मागच्या वेळी मोजायला डोस होते: इतके झाले, इतके राहिले. आता विचारलं, ‘ही गोळी कधीपर्यंत?’ तर उत्तर येतं, ‘लागू पडतेय तोवर.’ ज्या उपचाराला शेवटची तारीख नाही त्यासाठी कंबर कशी कसायची, हे पहिल्या वेळच्या अनुभवातून शिकता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे अपराधीपणा. मी शाळेची दगदग कमी केली नाही, बाहेरचं खाल्लं, दोनदा गोळी विसरले, म्हणून परत आलं. यावर ‘असं काही नसतं गं’ म्हणून भागत नाही; कारण सांगावं लागतं. पहिल्या उपचारांतून निसटलेल्या मोजक्या पेशी हाडात वर्षानुवर्षं निपचित राहू शकतात आणि कधीतरी जाग्या होतात. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर दहा-वीस वर्षांनीही असं झालेलं आढळतं. त्या पेशी स्कॅनमध्ये दिसत नाहीत, खाण्यापिण्याने मरत नाहीत. दोनदा गोळी विसरल्याने कॅन्सर परत येत नाही. हे वाक्य कॅन्सरच्या डॉक्टरांच्या तोंडून, त्यांच्यासमोर, एकदा वदवून घ्या. नवऱ्याने दहादा सांगितलं तरी त्याला तेवढं वजन येत नाही.

आता लपवण्याबद्दल. स्पष्ट लिहिते: त्यांना बहुतेक सगळं माहीत आहे. शिक्षिका आहेत, रिपोर्ट वाचता येतो, हातात फोन आहे. तुम्ही ओपीडीत डॉक्टरांना डोळ्यांनी जी खूण करता ती त्यांना दिसते. तुम्ही ‘ती खचेल’ म्हणून बोलत नाही आणि त्या ‘ह्यांना सोसणार नाही’ म्हणून विचारत नाहीत. एकाच घरात दोघंही एकट्याने भीत बसता. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी दिसतो, आणि त्यामागे माया असते हे मला मान्य आहे. पण त्याची किंमत तुमच्या पत्नी रात्री दोनपर्यंत जागून मोजताहेत.

याचा अर्थ जाऊन सगळा रिपोर्ट वाचून दाखवा असा नाही. आधी विचारा: ‘स्कॅनबद्दल तुला किती जाणून घ्यायचंय? सगळं, थोडं, की मीच बघू?’ ‘तुम्हीच बघा’ म्हणाल्या तर तेही उत्तर आहे; ते पाळा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. ‘सांगा’ म्हणाल्या तर सविस्तर सांगण्याचं काम डॉक्टरांवर सोपवा. ओपीडीच्या गर्दीत नको, दुपारची शेवटची वेळ मागून घ्या, दोघं खुर्चीत बसून ऐका, प्रश्न कागदावर लिहून न्या. खरं सांगितल्यावर नेहमी वाईटच ऐकायला मिळतं असंही नाही. हार्मोनवर चालणारा आणि हाडांपुरताच असलेला आजार गोळ्या-इंजेक्शनांवर वर्षानुवर्षं ताब्यात राहिलेल्या बायका प्रत्येक मोठ्या कॅन्सर ओपीडीत भेटतात. मुळापासून बरा होईल असं कुणी सांगणार नाही. पण रात्री दोन वाजता त्या मनात जे रंगवत असतील ते बहुधा डॉक्टर सांगतील त्याहून भयंकर असतं.

‘मी वेडी नाही’ यावर वाद घालू नका. आपल्याकडे मनाचा डॉक्टर म्हटलं की येरवडा आठवतं, त्याला त्यांचा काय इलाज? शब्द बदला. ‘तुझी झोप नीट व्हावी म्हणून बघू’ हे खोटं नाही. झोप खरंच गेली आहे आणि झोपेसाठी डॉक्टरकडे जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. किंवा त्याहून खरं बोला: ‘मला जमत नाहीये, मला कुणाशी तरी बोलायचंय, तू सोबत ये.’ तुमचा प्रश्न वाचून मला वाटतं की हे वाक्य तुम्हाला मनापासून म्हणता येईल. माझ्या खोलीत नवऱ्याची सोबत म्हणून आलेल्या कितीतरी बायका अर्ध्या तासाने स्वतः बोलू लागल्या आहेत. फसवून मात्र आणू नका. ‘रक्त द्यायला चल’ म्हणून आणलेला माणूस दारातच आमच्यावर रागावलेला असतो, आणि तो राग रास्त असतो.

कुणाकडे न्यायचं? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र चार शनिवारांचा कोर्स केलेलाही लावतो. म्हणून निवड करताना मी पदवीबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला सांगते: ‘तुम्ही कॅन्सरचे पेशंट बघता का, आणि पसरलेल्या कॅन्सरचे?’ उत्तर देताना समोरचा चाचरला तर दुसरीकडे जा. आजार परत आलेल्या माणसापुढे मृत्यूचा विषय निघाला की घाईने ‘चांगला विचार करा’ म्हणणारा तज्ज्ञ काही कामाचा नाही.

पहिली चौकशी ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथेच करा. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत हा विभाग असतो; परळच्या टाटा रुग्णालयात आहे. तिथले मेडिकल सोशल वर्करही गाठा, मनाच्या ओझ्यातला मोठा वाटा पैशांचा असतो आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करायचा, हे त्यांना तोंडपाठ असतं. जवळपास काही नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते. आणि घरबसल्या, आत्ता, रात्री दोनलाही चालणारी सोय म्हणजे टेलि-मानस: १४४१६. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही फोन सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही करून बघा. एकदा नीट ओळख झाली की पुढच्या भेटी व्हिडिओवर होऊ शकतात, दर वेळी पुण्या-मुंबईची वारी करावी लागत नाही.

आत काय होतं, हे न कळल्यामुळेही लोक येत नाहीत. बहुतेक ठिकाणी सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते: गेल्या आठवड्यात मनाचा त्रास शून्य ते दहामध्ये किती? थर्मामीटरचं चित्र असतं, बोट ठेवायचं. चार किंवा वर असेल तर आम्ही खोलात जातो. कशाचा त्रास ते पुढे विचारतो, आणि उत्तरं ‘मृत्यू’पासून ‘केसांचं काय’, ‘नणंद घरी येणार आहे’ इथपर्यंत काहीही असतात. वाढलेल्या आजाराच्या रुग्णांसाठी कॅनडात, टोरोंटोमध्ये, बोलण्याच्या उपचाराची एक पद्धत बसवली गेली. तीन ते सहा भेटींची. तिच्यात चार विषय असतात: लक्षणं आणि डॉक्टरांशी व्यवहार, स्वतःत आणि जवळच्या नात्यांत झालेला बदल, आयुष्याला अर्थ कशाने आहे, आणि पुढचं, म्हणजे आशा आणि मरण दोन्ही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिने नैराश्याची लक्षणं कमी झालेली दिसली. सगळीकडे हीच पद्धत मिळेल असं नाही, पण चांगला तज्ज्ञ फिरून फिरून याच चार दारांशी येतो. माझ्या अनुभवात बायका दुसऱ्या दारात सगळ्यात जास्त रेंगाळतात. शाळा सुटली तर मी कोण, स्वयंपाकघर दुसऱ्याच्या हाती गेलं तर मी कोण. तुमच्या पत्नींना शाळेत अर्धा दिवस, हलकं काम, वर्गाऐवजी वाचनालय, असं काही मिळतंय का ते मुख्याध्यापकांशी बोलून बघा. सुट्टी हा दर वेळी आराम नसतो.

औषधाबद्दल. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुचवली तर घाबरू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा नसते, व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी थोडे जास्त, लागतात, आणि बंद करताना हळूहळू करायच्या असतात. पण एक गाठ बांधून ठेवा: कॅन्सरची सगळी फाईल दाखवल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या प्रचलित गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमकुवत करू शकतात. त्याऐवजी व्हेन्लाफॅक्सिनसारखी गोळी देतात, जी अंगातून निघणाऱ्या वाफांनाही थोडी शमवते. आता आजार परत आल्यावर टॅमॉक्सिफेन बदललं असेल आणि रायबोसिक्लिब हे कॅन्सरचं औषध सुरू झालं असेल तर निराळी काळजी: ते औषध हृदयाच्या ठोक्यांच्या विद्युत लयीवर परिणाम करतं, आणि एस्सिटॅलोप्रॅमसारखी नैराश्यावरची गोळीही करते. मग ईसीजी बघून ठरवावं लागतं. शेजारणीला लागू पडलेली झोपेची गोळी तर नकोच.

‘पॉझिटिव्ह राहिलं की कॅन्सर पळतो’ हे जो सांगेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आधारगटात जाणाऱ्या, पसरलेल्या स्तन-कॅन्सरच्या बायका जास्त जगल्या असं दिसलं, आणि जगभर गाजावाजा झाला. पुढे कॅनडात २००१ मध्ये मोठी चाचणी झाली. आयुष्य वाढलेलं आढळलं नाही, पण मनाचा त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवली. मला हा दुसरा निकाल जास्त आवडतो. त्याने बाईला रडायची मुभा मिळते, आणि आजार वाढला तर ‘माझं मनच कमी पडलं’ हे नवं ओझं डोक्यावर येत नाही.

मरणाच्या विचारांबद्दल विचारायला भिऊ नका. ‘सगळं संपवावं असं मनात येतं का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. ‘देवाने लवकर न्यावं’ असं थकून म्हणणं वेगळं आणि गोळ्या साठवणं, निरोपाची भाषा बोलणं, ‘माझ्यामुळे तुमचं वाटोळं’ हेच घोकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचं काही दिसलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय, आणि वेदनेच्या व झोपेच्या गोळ्या तुमच्या ताब्यात.

मुलाला सांगा. बारावी आहे म्हणून परीक्षेपर्यंत थांबायचा बेत असेल तर तो आजच सोडा. त्याला घरातला वास लागलाच असणार, आणि न सांगितलेलं घेऊन तो कसला अभ्यास करणार? ‘आईचा कॅन्सर परत आलाय, हाडांत आहे, औषध सुरू आहे, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, काही बदललं तर तुला आधी सांगू.’ एवढं पुरे. शक्यतो आईने स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसा.

स्कॅनच्या आधीचा आठवडा दर वेळी वाईट जाणार, हे धरून चाला. त्या आठवड्यात पाहुणे, लग्नकार्य, मोठे निर्णय टाळा. स्कॅन आणि रिपोर्ट यांच्यात कमीत कमी दिवस जातील अशी वेळ मागा. आणि समुपदेशनाची भेट रिपोर्टनंतर एक-दोन दिवसांत ठेवा.

राहिले तुम्ही. प्रश्नात तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. झोप, जेवण, बीपी, कामावरचं लक्ष, यातलं काय बिघडलंय ते बघा आणि स्वतःसाठी वेगळी वेळ घ्या, शक्यतो वेगळ्या माणसाकडे. पत्नीच्याच समुपदेशकाकडे तुम्हीही मन मोकळं करू लागलात तर तिला पुन्हा आपलं बोलणं तोलून-मापून करावं लागेल. दोघांनी मिळून करायची भेट निराळी ठेवता येते. पहिल्या भेटीच्या वेळीच तसं सांगून ठेवा.